तीन महिन्यांच्या बाळाची चुळबुळ



आज मी अगदी साधी गोष्ट सांगणार आहे. घरात तीन महिन्यांचं बाळ आहे. त्याचं पोट भरलेलं आहे, ते जागं आहे, रडत नाही, कुणी त्याच्याशी बोलत नाही की खुळखुळा वाजवत नाही. अशा वेळी उताणं पडल्या पडल्या ते काय करतं, हे आपण कधी पाच मिनिटं सलग बघितलं आहे का? आपण बाळाकडे बघतो ते त्याला हसवण्यासाठी. ते एकटं असताना त्याचे हातपाय काय करतात, हे बघायला सहसा कुणी थांबत नाही. त्या पाच मिनिटांत बाळाच्या मेंदूविषयी बरंच काही लिहिलेलं असतं.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे आणि बुलडाणा जिल्ह्यात काम करते. सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग सांगते, कारण त्यातली चूक माझी स्वतःची आहे. मोताळा तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आई साडेचार महिन्यांचा मुलगा घेऊन आली. तो आठव्या महिन्यात, म्हणजे साधारण बत्तीस आठवड्यांचा जन्मला होता आणि अठरा दिवस पेटीत होता. आई म्हणाली, "मॅडम, हा हालते, पण याचं हालणं माझ्या मोठीवाणी नाही. सगळं अंग एकदमच ताठ होते न् एकदमच ढिलं पडते." मी त्याचे पाय वाकवून बघितले, मान बघितली, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली. मग म्हणाले, "दिवस कमी आहेत, अशक्त आहे. आणखी काही महिने जाऊ द्या, बसायला लागतो का ते बघू." ती गेली. पुन्हा आली तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता. उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जायचे, टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मी तवाच म्हणलं होतं ना, मॅडम."

त्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. मेंदूची वाढ सुरू असताना, म्हणजे पोटात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच, मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते आणि हालचालींवरचा ताबा कायमचा बिघडतो, त्याला हे नाव आहे. दिवस भरण्याआधी जन्म, जन्मताच न रडणं, जंतुसंसर्ग, फार वाढलेली कावीळ, रक्तातली साखर उतरणं ही आपल्याकडची नेहमीची कारणं. जगात सर्वसाधारणपणे हजार जन्मांमागे दोन ते तीन मुलांना हा त्रास होतो. काही मुलांची बुद्धी उत्तम असते, पण शब्द तोंडातून नीट फुटत नाही म्हणून जग त्यांना मतिमंद समजतं. विल्यम लिटल या इंग्रज डॉक्टरने १८६१ साली लंडनमध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन मांडलं. त्यानंतर शंभरेक वर्षं पद्धत एकच राहिली. मूल बसत नाही, चालत नाही हे दिसेपर्यंत थांबायचं आणि मग एक-दीड-दोन वर्षांनी निदान करायचं. मीही तेच केलं होतं.

ही वाट बदलली ती हाइन्झ प्रेख्टल या शास्त्रज्ञामुळे. हे मूळचे ऑस्ट्रियाचे, पण त्यांचं बरंचसं काम नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे झालं. त्या काळी बाळाची तपासणी म्हणजे हातोडी, टाचणी, टाळी. म्हणजे बाळाला काहीतरी करायचं आणि ते काय उत्तर देतं ते बघायचं. प्रेख्टल यांनी उलटं केलं. बाळाला काहीच करायचं नाही, हातही लावायचा नाही, फक्त बघायचं. सोनोग्राफी आल्यावर दिसलं की पोटातला गर्भही नऊ-दहा आठवड्यांचा झाल्यापासून आपणहून सगळं अंग हलवत असतो. जन्मानंतरही पाचेक महिन्यांपर्यंत हे सुरू राहतं. या हालचाली कुणी शिकवलेल्या नसतात, त्यांना काही उद्देश नसतो. मेंदूच त्या तयार करतो. म्हणून मेंदूला इजा असेल तर हालचाली थांबत नाहीत, त्यांचा दर्जा बिघडतो. माझ्याकडे आलेली आई नेमकं हेच सांगत होती.

निरोगी बाळाची पहिल्या दोन महिन्यांतली हालचाल अळोखेपिळोखे दिल्यासारखी असते. आधी एक हात, मग पाय, मग कंबर वळते. मध्येच जोर वाढतो, मध्येच ओसरतो. दोन वेळा ती अगदी सारखी होत नाही. दुसरीकडे काही बाळांचे चारही हातपाय आणि धड एकाच वेळी ताठ होतात आणि एकाच वेळी सैल पडतात. त्यात वळण नसतं, लय नसते. आठवड्यामागून आठवडे हेच दिसत राहिलं, तर ती धोक्याची खूण असते.

नवव्या आठवड्याच्या सुमारास हे अळोखेपिळोखे कमी होतात आणि त्यांची जागा एक नाजूक चुळबुळ घेते. मान, मनगटं, खांदे, कंबर, घोटे, सगळीकडे छोट्या छोट्या, मध्यम वेगाच्या, सर्व दिशांना जाणाऱ्या हालचाली सतत चाललेल्या असतात. बाळ रडायला लागलं किंवा एखाद्या वस्तूत गुंगलं की त्या थांबतात. ही चुळबुळ साधारण नवव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत असते आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. नंतर बाळ हात पुढे करून वस्तू धरायला लागतं आणि ती विरते. म्हणजे ही खिडकी अडीच महिने उघडी असते आणि मग कायमची बंद होते.

ही चुळबुळ नसण्याला किती महत्त्व द्यायचं? १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रेख्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या ७० बाळांची चुळबुळ नेहमीसारखी होती, त्यांपैकी ६७ जणांची वाढ पुढे व्यवस्थित झाली. ज्या ६० बाळांची चुळबुळ नव्हती किंवा बिघडलेली होती, त्यांपैकी ५७ जणांना पुढे मज्जासंस्थेचे दोष दिसले. त्यांतल्या ४९ जणांना सेरेब्रल पाल्सी होती. २०१७ साली आयोना नोव्हाक आणि अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून सांगितलं की धोक्यातल्या बाळांमध्ये सहा महिन्यांच्या आत या आजाराचं निदान करता येतं आणि करायला हवं. त्यासाठी हालचालींची ही पाहणी, मेंदूचा एमआरआय आणि हॅमरस्मिथ रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी सव्वीस मुद्द्यांची तपासणी ही तीन साधनं त्यांनी सुचवली. यांतलं एमआरआयचं यंत्र तालुक्याच्या गावी नसतं. पण बाळ आणि मोबाइल दोन्ही खेड्यात असतात.

आता आपल्या घरात या. आपल्याकडे बाळाला आंघोळीनंतर धुरी देतात, दुपट्यात घट्ट गुंडाळतात आणि झोळीत टाकतात. ही माया आहे, त्यात वाईट काही नाही. पण ज्या आठवड्यांत त्याचे हातपाय बघायचे, नेमके तेव्हाच ते झाकलेले असतात. दुसरं असं की न हलणाऱ्या, न रडणाऱ्या बाळाचं आपल्याकडे कौतुक होतं. "लेकरू लय गुणाचं हाये जी, टाकलं तिथं पडून राहते," असं आजी अभिमानाने सांगते. बहुतेक वेळा लेकरू खरोखरच गुणाचं असतं. पण ते पेटीतून आलेलं असेल, तर "टाकलं तिथं पडून राहते" हे वाक्य मी आता कान देऊन ऐकते.

आणि हे बघायला घरात आजीपेक्षा चांगली कुणी नाही. मालिश करताना, आंघोळ घालताना बाळ तिच्या पायावर उघडं असतं. पाच नातवंडं जिच्या पायांवरून गेली, तिच्या हातांना कळतं की हे सहावं जरा वेगळं लागतंय. आपण तिला विचारत नाही, एवढंच.

हे प्रत्येक बाळाच्या बाबतीत काळजी करत बसण्यासाठी सांगत नाही. विशेष लक्ष द्यायचं ते काही बाळांकडे. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, वजन फार कमी असलेलं, जन्मताच न रडलेलं, झटके आलेलं, रक्त बदलावं लागेल इतकी कावीळ झालेलं किंवा नवजात शिशू कक्षात बरेच दिवस राहिलेलं बाळ. अशा बाळाच्या घरी येताना जो आनंद असतो, त्यात पुढची तपासणी विसरली जाते. "वाचलं, देवाची कृपा," म्हणून घर मोकळा श्वास घेतं. खरं म्हणजे त्या दिवशी दुसरं काम सुरू होतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या कमी वजनाच्या मुलांचा मागोवा त्यांच्या वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत घेतला. इतकी वर्षं मुलांना आणि पालकांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासणं किती चिकाटीचं काम आहे, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. बाळ वाचवणं आणि वाचलेल्या बाळाच्या पाठीशी राहणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या कामातून आम्ही शिकलो.

मग खेड्यातल्या बाळाची ही अडीच महिन्यांची खिडकी कशी गाठायची? नवी योजना लागत नाही. सरकारी लसीकरणात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना बाळ अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात येतंच. पूर्ण दिवसांच्या बाळाचे दहावा आणि चौदावा हे दोन्ही आठवडे चुळबुळीच्या काळात पडतात. २०१८ पासून सुरू झालेल्या लहान बालकांच्या गृहभेटींत आशाताईची पहिली भेटही तिसऱ्या महिन्यात ठेवलेली आहे. म्हणजे दार उघडंच आहे. लस टोचण्याआधी, रडारड सुरू होण्याआधी, पाच मिनिटं बाळाला उताणं ठेवून बघायचं, एवढीच भर घालायची आहे.

मात्र एक हिशेब इथे सगळ्यांचा चुकतो. कमी दिवसांच्या बाळाचं वय जन्मतारखेपासून मोजायचं नाही. डॉक्टरांनी जी बाळंतपणाची तारीख दिली होती, तिच्यापासून मोजायचं. बाळ आठ आठवडे आधी आलं असेल, तर त्याच्या चुळबुळीचा काळ जन्मापासून सतराव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात येतो. चौदाव्या आठवड्याची लस तेव्हा होऊन गेलेली असते आणि गोवराची लस नवव्या महिन्यात. म्हणजे ज्या बाळांना पाहणीची सर्वांत जास्त गरज, तीच दोन लसींच्या मधल्या फटीतून निसटतात. मोताळ्याच्या त्या मुलाचा हिशेब मी नंतर करून बघितला. साडेचार महिन्यांचा म्हणून तो माझ्यासमोर होता, तेव्हा त्याचं खरं वय साडेअकरा आठवडे होतं. खिडकी सताड उघडी होती. म्हणून माझी विनंती आहे की पेटीतून सुटणाऱ्या प्रत्येक बाळाच्या सुटीच्या कार्डावर पुढच्या लसीसारखीच हालचाल बघण्याची तारीखही ठळक लिहावी. तुमच्या कार्डावर नसेल, तर मागून लिहून घ्या.

चित्रीकरण कसं करायचं, तेही सांगते. दूध पाजून झाल्यावर बाळ जागं आणि शांत असेल अशी वेळ निवडा. अंगावर हलकं झबलं, हातपाय उघडे. थंडीत खोली उबदार हवी. सपाट सतरंजीवर उताणं ठेवा. चोखणी नको, खेळणं नको, कुणी बोलायचं नाही. मोबाइल वरून असा धरा की डोक्यापासून पायांपर्यंत सगळं बाळ दिसेल, चेहराही दिसेल. तीन ते पाच मिनिटं पुरतात. बाळ रडलं, उचकी लागली किंवा पेंगलं तर थांबा, नंतर पुन्हा घ्या. हे चित्रीकरण फक्त तुमच्या डॉक्टरांना दाखवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. बाळालाही खासगीपण असतं.

ते चित्रीकरण वाचणं हे मात्र शिकलेल्या माणसाचं काम आहे. त्यासाठी रीतसर प्रशिक्षण असतं. घरी बसून "चुळबुळ दिसत नाही, म्हणजे आजार आहे" असा निष्कर्ष कुणी काढू नये. आम्हीही एका चित्रीकरणावरून निकाल देत नाही. शंका आली तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बघतो, मज्जासंस्थेची तपासणी करतो, गरज पडल्यास मेंदूचं छायाचित्र काढायला सांगतो. चुळबुळ नसलेली सगळीच बाळं आजारी निघत नाहीत, हे प्रेख्टल यांच्या आकड्यांतही दिसतं. आणि उलट बाजूही आहे. पुढे सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्या मुलांच्या जन्माच्या वेळी वेगळं काही घडलेलं नसतं. म्हणून चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या राहत असतील, बसतं करताना मान मागे लोंबत असेल, वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल किंवा नऊ महिन्यांचं होऊनही बसत नसेल, तर "आमच्याकडं सगळीच उशिरा चालतात" असं म्हणून थांबू नका.

खेड्यातल्या कार्यकर्तीला हे जमेल का, असं मला विचारतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी आणि उपचार शिकवले, तेव्हाही हेच विचारलं गेलं होतं. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले आणि २०११ पासून आशाताईंच्या नवजात गृहभेटी देशभर सुरू झाल्या. उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण भागासाठी 'गणेश' नावाचा एक कार्यक्रम आखला गेला, त्याचा आराखडा २०२० साली प्रसिद्ध झाला. बाळांच्या हालचालींची हीच पाहणी तिथे पायाशी आहे. तेव्हा जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवर, जिथून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, तिथे हे का जमू नये? बाळाला आणण्यापेक्षा चित्रीकरण पाठवणं केव्हाही सोपं.

लवकर कळून होतं काय, हा खरा प्रश्न. स्पष्ट सांगते, मेंदूची झालेली इजा पुसता येत नाही. पण पहिल्या वर्षात मेंदू झपाट्याने घडत असतो आणि वापराने घडत असतो. बाळाने स्वतः हात पुढे करावा, कुशीवर वळावं, दोन्ही हात मध्ये आणावेत, अशी संधी दिवसातून अनेक वेळा द्यायची असते. आपण त्याचे हातपाय हलवण्यापेक्षा त्याने ते हलवणं महत्त्वाचं. हे काम माझ्या टेबलावर आठवड्यातून एकदा अर्धा तास होऊन भागत नाही; ते घरात, पाजताना, कपडे बदलताना, कडेवर घेताना होतं. नजर, कान, गिळणं वेळेवर तपासता येतं. खुब्याचा सांधा हळूहळू निखळत असेल तर तो वेळीच कळतो. आणि आईला दीड वर्ष या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे, या देवाकडून त्या देवाकडे फिरावं लागत नाही. तिच्या कर्माचा किंवा ग्रहणात काही कापल्याचा हा परिणाम नाही, हे तिला पहिल्या दिवशी कुणीतरी सांगतं.

२०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आहे आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं. हे मागून घ्या, हक्काचं आहे. मात्र लाखो रुपये घेऊन स्टेम सेलने मूल बरं करण्याची हमी कुणी देत असेल, तर शेत विकू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या आजारासाठी तो मान्य उपचार नाही.

शेवटी मोताळ्याच्या त्या आईकडे येते. तिचा मुलगा आता कुबड्यांवर चालतो, शाळेत जातो, गणितात हुशार आहे. मी तेव्हा ओळखलं असतं तर तो कुबड्यांशिवाय चालला असता, असं मी म्हणू शकत नाही. पण ते तेरा महिने त्याच्या हातचे गेले आणि तिच्याही, हे मला माहीत आहे. आता एखादी आई "याचं हालणं वेगळं हाये" असं म्हणाली, की मी हातोडी बाजूला ठेवते, सतरंजी अंथरते आणि तिला म्हणते, "बसा. आपण दोघी मिळून बघू."

तुमच्याही घरात, शेजारात असं बाळ असेल, तर उद्या आंघोळीनंतर दुपट्यात गुंडाळायच्या आधी पाच मिनिटं थांबा. त्याला काही करू नका. नुसतं बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)